सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायची हौस नसते

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीने विचारलंय: "वर्गात सांगतात की धातूंना अष्टक (बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचं असतं, म्हणून ते बाहेरचे इलेक्ट्रॉन देऊन टाकतात आणि धन आयन होतात. पण पुढच्याच धड्यात लिहिलंय की इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा द्यावी लागते. तक्त्यात एकाही धातूचा आकडा ऋण नाही. मग तोट्यात जाऊन सोडियम इलेक्ट्रॉन देतो कशाला? आणि दिल्यावर धन भार कुठून येतो, प्रोटॉन वाढतात का?"

लेकरा, मी मास्तर नाही. वाळूजच्या एमआयडीसीत झिंक प्लेटिंगच्या, म्हणजे विजेने पार्टवर जस्ताचा थर चढवायच्या, टाक्यांवर सव्वीस वर्षं काढली. धातूचा आयन करायचा आणि आयनाचा परत धातू करायचा, एवढ्यावरच घर चाललं. तेव्हा उत्तरात थोडा टाकीचा वास येईल, तेवढं सांभाळून घे.

शेवटचा प्रश्न आधी उरकतो. प्रोटॉन वाढत नाहीत. ते वाढले तर सोडियम सोडियमच राहणार नाही, मॅग्नेशियम होईल. सोडियमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन आणि बाहेर ११ इलेक्ट्रॉन, म्हणून हिशोब शून्य. एक इलेक्ट्रॉन गेला की ११ विरुद्ध १० उरतात. धन भार बाहेरून कुठून येत नाही. तो आत होताच, अकराव्या इलेक्ट्रॉनने झाकला होता.

आता खरा प्रश्न. तुझी शंका बरोबर आहे आणि वर्गातलं वाक्य अर्धवट आहे. सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा नसतोच. प्रयोगशाळेच्या कपाटात रॉकेलमध्ये बुडवलेला सोडियमचा तुकडा पाहिला असशील. वर्षानुवर्षं तो तिथे धातू म्हणूनच पडून असतो. अष्टकाची एवढी घाई असती तर त्याने बाटलीतच इलेक्ट्रॉन टाकून दिला असता. तो टाकत नाही, कारण रॉकेलमध्ये घेणारा कोणी नाही. तोच तुकडा पाण्यात टाकला की पेट घेतो. बाटलीतला आणि पाण्यातला सोडियम एकच, आजूबाजूचं गिऱ्हाईक बदललं. म्हणून धातू आयन का झाला असं विचारायचं असेल तर दोन गोष्टी विचार: इलेक्ट्रॉन घेतला कोणी, आणि काढायचा खर्च भरला कोणी?

हे मला पहिल्यांदा दिसलं ते पुस्तकात नाही. आमची अंबड तालुक्यात मोसंबीची बाग होती. डिंक्या रोगासाठी अण्णा बोर्डो मिश्रण करायचे: एक किलो मोरचूद (तांब्याचं सल्फेट), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मिश्रण तयार झालं की ते घासून चकचकीत केलेला विळा त्यात मिनिटभर धरायचे. पात्यावर तांबूस थर आला की म्हणायचे, "अजून चुना लागतोय." थर आला नाही की फवारणी सुरू. मी सातवीत असेन. मला वाटायचं विळ्याला रंग लागतो. तो रंग नव्हता, खरंखुरं तांबं होतं. मोरचुदाच्या द्रावणात तांबं दोन-धन आयन म्हणून फिरत असतं. विळ्यातल्या लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन त्याच्या हवाली करतो, तांब्याचा आयन धातू होऊन पात्यावर बसतो आणि लोखंडाचा अणू धन आयन होऊन पाण्यात उतरतो. पात्यावर तांबं दिसतं, तेवढंच लोखंड पात्यातून गेलेलं असतं, ते दिसत नाही इतकंच. (शेतकऱ्यांना बोर्डो लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात करू नका म्हणतात ते याचसाठी.)

लोखंडाने तांब्याला दिले. उलटं का नाही? तिथे यायच्या आधी साधा हिशोब बघू, मिठाचा.

आपल्याकडे बीडचा ऊसतोड मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो. पैसा आधी, ऊस तोडून फेड नंतर. आयन बनण्याचा हिशोब अगदी तसाच मांडतात. सगळे आकडे एका मोलला, म्हणजे अणूंच्या एका ठरलेल्या मोठ्या संख्येला, किलोज्यूलमध्ये. सोडियमचा घट्ट तुकडा सुटा करून अणूंची वाफ करायला १०७. त्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला, म्हणजे आयनायझेशन एनर्जी, पुस्तकात जिला आयनीभवन ऊर्जा म्हणतात ती, ४९६. क्लोरीनच्या रेणूची जोडी तोडून एक अणू मिळवायला १२१. एकूण उचल झाली ७२४. आता क्लोरीनच्या अणूने इलेक्ट्रॉन घेतला की ३४९ परत मिळतात. वर्गात गोष्ट इथेच थांबते: सोडियमने दिला, क्लोरीनने घेतला, दोघं सुखी. पण बघ, अजून ३७५ डोक्यावरच आहेत! सुटा सोडियम आयन आणि सुटा क्लोराइड आयन एकमेकांपासून लांब उभे केले तर सौदा तोट्याचाच. तू म्हणालीस तेच.

फेड होते ती ते जवळ आल्यावर. धन आणि ऋण आयन आळीपाळीने रचून स्फटिक झाला, एकेका सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि एकेका क्लोराइडभोवती सहा सोडियम, की ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. ही लॅटिस एनर्जी. ३७५ फिटून वर ४१२ उरले. प्रयोगात मोजलेला आकडा ४११ आहे. म्हणजे सोडियमच्या इलेक्ट्रॉनचा खर्च भरला तो मुख्यतः मिठाच्या स्फटिकाने. क्लोरीनच्या हावरटपणाने तो भागत नाही.

एक मात्र लक्षात ठेव. या पायऱ्या प्रत्यक्षात अशा एकामागून एक घडत नाहीत. आधी सोडियमची वाफ झाली, मग इलेक्ट्रॉन गेला, असं कोणी पाहिलेलं नाही. सुरुवात आणि शेवट तेच असतील तर वाटेतला हिशोब कसाही मांडला तरी बेरीज तीच येते, म्हणून ही सोयीची वाट.

मग धातूच का, आणि किती इलेक्ट्रॉन? इथे अणूची बांधणी येते. सोडियममध्ये दोन, आठ, एक. बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनला केंद्रकातले अकरा प्रोटॉन पूर्ण ताकदीने ओढू शकत नाहीत, कारण मध्ये दहा इलेक्ट्रॉनांचा पडदा आहे. स्लेटरच्या नियमाने (हा पडदा मोजायची एक ठोकळ रीत) काढलं तर त्याला जाणवणारा भार सुमारे २.२ येतो. त्याच्या लगेच आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनला मात्र सुमारे ६.८५ जाणवतो, आणि तो केंद्रकाच्या जवळही आहे. म्हणून पहिला इलेक्ट्रॉन ४९६ ला निघतो आणि दुसऱ्याला ४५६२ मोजावे लागतात. मॅग्नेशियमचे आकडे ७३८, १४५१, आणि तिसऱ्याला एकदम ७७३३. ॲल्युमिनियमचे ५७८, १८१७, २७४५, आणि चौथ्याला ११५७७. ही उडी जिथे येते तिथे धातू थांबतो, कारण तेवढी उचल फेडेल असा स्फटिक किंवा पाणी जगात नाही. अष्टक पूर्ण होतं ते या उडीच्या आधी थांबल्यामुळे. अष्टक हे कारण नाही, थांबण्याच्या जागेला दिलेलं नाव आहे.

मॅग्नेशियमवर जरा थांब, परीक्षेत इथे फसवतात. पहिला इलेक्ट्रॉन ७३८ ला निघतो, दुसऱ्याला त्याच्या जवळजवळ दुप्पट. मग मॅग्नेशियम एकच देऊन का थांबत नाही? कारण दोन-धन आयन स्फटिकात इतका घट्ट बसतो की मॅग्नेशियम क्लोराइडची लॅटिस एनर्जी अडीच हजाराच्या घरात जाते. जादा १४५१ भरूनही पदरात जास्त पडतं. एकच देऊनही थोडा फायदा झालाच असता, पण मोठा सौदा समोर असताना छोटा टिकत नाही.

आता विळा.

मला जर कोणी विचारलं की इलेक्ट्रॉन काढणं कोणाचं स्वस्त, जस्ताचं की तांब्याचं, तर तक्ता बघून तू म्हणशील तांब्याचं. तांब्याची पहिली आयनायझेशन एनर्जी ७४५, जस्ताची ९०६. सोन्याची ८९०, म्हणजे सोनंसुद्धा जस्तापेक्षा स्वस्त! तरी विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात जस्त फसफसून विरघळतं, तांबं ढिम्म हलत नाही, आणि सोन्याची तर गोष्टच सोड. आयनायझेशन एनर्जी कमी म्हणजे धातू क्रियाशील, हे पाठ केलेलं वाक्य इथे तोंडावर आपटतं.

पूर्ण बिल मांड. पाण्यात आयन व्हायचं तर तीन रकमा. धातूतून अणू सुटा करायचा, त्याचे इलेक्ट्रॉन काढायचे, आणि मग पाण्याचे रेणू आयनाला वेढतात तेव्हा जी ऊर्जा परत मिळते ती वजा करायची. ही हायड्रेशन एनर्जी. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण असते, धन आयन दिसला की ते रेणू त्या बाजूने त्याला घेरतात.

जस्त: सुटं करायला १३१, दोन इलेक्ट्रॉनांचे ९०६ आणि १७३३, एकूण २७७०. पाणी परत देतं २०४६. निव्वळ बिल ७२४. (मिठाच्या उचलीचाही आकडा ७२४ आला होता, तो योगायोग.)

लोखंड: ४१६, ७६२, १५६२, एकूण २७४०. परत १९४६. बिल ७९४.

तांबं: ३३८, ७४५, १९५८, एकूण ३०४१. परत २१००. बिल ९४१.

तांब्याचं बिल कुठे फुगलं ते दिसलं का? पहिला इलेक्ट्रॉन स्वस्त आहे, पण दुसरा महाग आहे आणि धातूतले अणू एकमेकांना धरून बसलेत. जस्ताचे अणू १३१ मध्ये सुटतात, तांब्याचे ३३८ मध्ये. प्लेटिंगवाल्याला हा फरक हातालाच कळतो. जस्त ४२० अंशांना वितळतं, तांब्याला १०८५ लागतात.

आता घेणारा. आम्लात घेणारे असतात हायड्रोजन आयन. दोन हायड्रोजन आयनांनी दोन इलेक्ट्रॉन घेऊन वायूचा एक रेणू केला की त्यांच्या बाजूचा असाच हिशोब करून सुमारे ८८० किलोज्यूल सुटतात. एवढी त्यांची ऐपत. जस्ताचं ७२४ चं बिल ते भरू शकतात, लोखंडाचं ७९४ चंही. तांब्याचं ९४१ चं नाही. म्हणून तांबं आम्लात पडून राहतं. आणि अण्णांच्या विळ्याचं? घेणारा तांब्याचा आयन, त्याची ऐपत ९४१. देणारं लोखंड, बिल ७९४. सौदा जमला, पात्यावर तांबं आलं. उलटा सौदा कधीच जमणार नाही. तू पाठ केलेली क्रियाशीलतेची श्रेणी म्हणजे या बिलांची उतरंड आहे. काटेकोर बोलायचं तर एन्ट्रॉपीही (विस्कटण्याचा हिशोब) धरावी लागते आणि पुस्तकातल्या प्रमाण विभवांचे व्होल्टमधले आकडे तीही धरून येतात: जस्त उणे ०.७६, लोखंड उणे ०.४४, तांबं अधिक ०.३४. पण क्रम तोच राहतो.

सोन्याचं थोडक्यात. सराफ्यात ज्याला तेजाब म्हणतात त्यातलं नुसतं नायट्रिक आम्ल सोन्याला हात लावत नाही. त्यात हायड्रोक्लोरिक मिसळलं की सोनं विरघळतं. नायट्रिक इलेक्ट्रॉन घेतं आणि क्लोराइड तयार झालेल्या सोन्याच्या आयनाला चहूबाजूंनी धरून ठेवतं. दोघं मिळून बिल भरतात, एकट्याचं काम नाही.

पण बिल भरणारा रसायनच असावा असं कुठे आहे? वीजही भरते, आणि हे मला एका चुकीने शिकवलं. नोकरीचं दुसरं वर्ष. बॅरलमधून पार्ट काढले, चमक यावी म्हणून अगदी विरळ नायट्रिकमध्ये बुडवले, तर काळे पडले. उदगीरकडचा एक हेल्पर होता, तो पळत आला: "सायेब, समदे पार्ट काळे निघूलालेत." मी पीएच बघितला, चमक आणणारं ब्राइटनर वाढवलं, करंट कमीजास्त केला. दोन पाळ्या वाया गेल्या आणि आधीचा माल परत आला. शेवटी जुन्या फोरमनने टाकीत गळ फिरवला आणि एक पितळी हूक बाहेर काढला. बोटाएवढा जाड हूक काडीएवढा झाला होता. मीच आदल्या आठवड्यात ॲनोडच्या, म्हणजे धन टोकाच्या, दांडीवर तो अडकवला होता, जस्ताची टोपली टेकवायला.

पितळेत तांबं असतं. आता तू म्हणशील, तांबं तर अशा सौम्य द्रावणात विरघळत नाही. नुसतं ठेवलं तर नाहीच विरघळत. पण हूक रेक्टिफायरच्या धन टोकाला लागलेला होता. रेक्टिफायर म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेणारा पंप. एका टोकाने ओढतो, दुसऱ्या टोकाने पार्टवर ढकलतो, आणि खर्च वीजबिलात लागतो. त्याला श्रेणीबिणी माहीत नाही. तांब्याचे इलेक्ट्रॉन त्याने ओढले, तांब्याचे आयन टाकीत उतरले आणि जस्ताबरोबर पार्टवर बसून नायट्रिकमध्ये काळे पडले. जस्ताच्या गोळ्यांचंही रोज हेच होतं, फक्त ते आपल्याला हवं असतं. एक अँपियर करंट तासभर दिला की १.२२ ग्रॅम जस्त ॲनोडवरून आयन होऊन निघतं. हा आकडा फॅरडेच्या नियमातून येतो, स्वतः काढून बघ. ६५.३८ ला दोनाने आणि ९६४८५ ने भागायचं, ३६०० ने गुणायचं.

आणि टाकी साफ कशी केली? फोरमनने जस्ताची भुकटी टाकली, अर्धा तास ढवळलं, रात्रभर निवू दिलं, सकाळी गाळलं. फिल्टरवर काळसर गाळ निघाला, ते तांबं. अण्णांच्या विळ्याचाच खेळ, विळ्याच्या जागी जस्त. तेव्हा मला विळा आठवला नाही, खरं सांगतो. घरी जाताना बजाजनगरच्या चौकात आठवला.

अष्टकाबद्दल आणखी एक, कारण ते डोक्यातून काढणं गरजेचं आहे. वर आलेल्या जस्त, लोखंड आणि तांबं या तिघांपैकी एकाच्याही आयनाला अष्टक नाही. जस्ताच्या दोन-धन आयनाच्या बाहेरच्या कक्षेत अठरा इलेक्ट्रॉन असतात. लोखंडाच्या दोन-धन आयनात चौदा, तीन-धनमध्ये तेरा. आणि लोखंडाचे पहिले दोन इलेक्ट्रॉन जातात ते चार-एस मधून, तीन-डी मधून नव्हे (ही कक्षांमधल्या उपकक्षांची नावं). भरताना चार-एस आधी भरला म्हणून डी आधी रिकामा होईल असं मुलं लिहितात आणि गुण घालवतात. दोन-धन लोखंड म्हणजे तीन-डी सहा, चार-एस रिकामं.

लोखंडाने दोन दिले की तीन, याचा फरक आमच्या बागेने पाहिला. आमची जमीन चुनखडीची. कोवळी पानं पिवळी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या. जमिनीत लोखंड भरपूर, पण ते तीन-धन रूपात, आणि अशा जमिनीत तो आयन ऑक्साइड-हायड्रॉक्साइड होऊन घट्ट बसतो, मुळाला मिळत नाही. मग हिराकस फवारायचो. हिराकस म्हणजे दोन-धन लोखंडाचं सल्फेट, द्रावण फिकं हिरवट. बादलीत दोन दिवस राहिलं की पिवळट-तपकिरी गढूळ व्हायचं: हवेतल्या ऑक्सिजनने तिसरा इलेक्ट्रॉन नेला. अण्णा ते ओतून द्यायचे, "मेलं ते" म्हणून.

खर्च भरायची आणखी एक तऱ्हा आहे, ती आपल्या टाकीत नाही. सूर्यावर पाणी नाही, स्फटिक नाही, क्लोरीन वाट बघत बसलेला नाही, तरी तिथे कॅल्शियमचे धन आयन आहेत. ते प्रकाशाच्या वर्णपटावरून दिसतात. तिथे उष्णता बिल भरते, आणि वायू इतका विरळ की सुटलेल्या इलेक्ट्रॉनला परत जायला आयन सहजी सापडत नाही. तापमान आणि दाब सांगितला तर किती अणू आयन झालेले असतील, हे सांगणारं समीकरण मेघनाद साहांनी १९२० साली मांडलं.

हे घरी बघायचं असेल तर कृषी सेवा केंद्रातून थोडं मोरचूद आण, प्लास्टिकच्या पेल्यात विरघळव आणि पॉलिश पेपरने घासलेला खिळा त्यात टाक. दहा मिनिटं पुरतात. मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाचं भांडं घेऊ नकोस, हात धू, आणि धाकट्या भावंडांपासून लांब ठेव. मग दुसऱ्या पेल्यात तेच द्रावण घेऊन त्यात चुन्याची निवळी नाही, चांगलं दाट चुन्याचं पाणी घाल, निळा गाळ खाली बसेपर्यंत. त्यात नवा खिळा टाक. त्याच्यावर तांबं चढणार नाही. चुन्याने तांब्याचे आयन गाळात बांधून टाकले, पाण्यात मोकळा घेणारा उरला नाही. खिळा पहिल्यासारखाच लोखंडाचा, इलेक्ट्रॉन आपल्याजवळच ठेवून बसलेला. अण्णा चुना वाढवून विळा दुसऱ्यांदा बुडवायचे ते हेच बघायला.